खड्डा कोण खणणार

वरच्या आळीतले सगळे सॅक्सन, मूळचे जर्मन, घरं बंद करून जर्मनीला निघून गेले, शेवटी मागे राहिली एकटी रेगिना. मुलगा न्यायला आला तेव्हा तिनं त्याला सुनावलं होतं, तुझा बाप, माझा मीखेल, इथल्या मातीत आहे, त्याला कुठल्या बॅगेत घालू? मुलगा गेला. आता नाताळला फोन करतो आणि तिकडे थंडी किती ते विचारतो.

रोमानियात, ट्रान्सिल्व्हेनियातल्या या आळीत मेलेल्याचा खड्डा शेजारी खणतात, भाड्याच्या माणसाला हात लावू देत नाहीत. पण शेजारी उरले कुठे? तिच्याखेरीज उरलेला शेवटचा सॅक्सन, म्हातारा गेओर्ग, वारला तेव्हा शहरातून माणसं आणावी लागली. त्यांनी खड्ड्यात सिगारेटची थोटकं टाकली आणि वरून माती लोटली. रेगिनानं ते डोळ्यांनी पाहिलं. मरणाला ती भीत नव्हती. थोटकांना भीत होती.

समोर सावेता राहायची. जातीची रोमा, म्हणजे जिप्सी, विधवा, तीन धिप्पाड मुलांची आई. इतकी वर्षं दाराला दार, पण रेगिनानं तिला कधी फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. शेवटी थंडी सरता सरता ती गुडघे चोळत रस्ता ओलांडून गेली आणि उभ्या उभ्याच विचारलं, तुझी मुलं माझा खड्डा खणतील का, आणि काय घेतील? सावेता कपडे पिळत होती. पिळता पिळताच म्हणाली, घेणारे शहरात आहेत की. तुमच्यात कोण खणतं ते सांगा.

सांगावंच लागलं. वर्षातून एकदा येणाऱ्या शेजारपणाच्या दिवशी जो टेबलाशी बसतो, तो खणतो. पण बसण्याआधी वर्षभराचं मनातलं एकमेकांच्या तोंडावर बोलून टाकायचं. ज्याच्यावर बोट रोखलं जाईल त्यानं उभं राहून खरं की खोटं ते सांगायचं. मगच पाव मोडायचा.

"वर्षभराचं?" सावेता म्हणाली. "माझ्याकडे तीस वर्षांचं साठलंय."

"मग लवकर ये," रेगिना म्हणाली.

रविवारी सावेता काळा रुमाल बांधून एकटीच आली. कोबीत शिजवलेलं डुकराचं मांस वाफाळत होतं, पण ती बसली नाही.

"माझी सासू जन्मभर तुमच्या मक्यात खुरपत राहिली. तिच्यासाठी फाटकाबाहेर खिळ्याला पत्र्याचा पेला टांगलेला असायचा. तुमच्या कुत्र्याला मात्र आत चिंध्यांचं अंथरूण. उन्हात ती चक्कर येऊन पडली, तेव्हाही तुम्ही पाणी फाटकावरूनच ओतलंत. खरं की खोटं?"

तेव्हा सगळेच तसं करत, हे उत्तर रेगिनाच्या जिभेवर तयार होतं. ते तिनं गिळलं. जन्मात काही बोलायचं तिनं गिळलं असेल तर ते हेच. टेबलाला धरून उभी राहिली.

"खरं."

"आता तुमचं बोला."

"तुझ्या थोरल्यानं माझी बदकं चोरली."

"दोन. खरं आहे. चांगला झोडपला त्याला. बदकं मात्र चवीची निघाली."

रेगिना बळंच खोकली.

मग सावेता बसली, पाव मोडला. मुलं खणतील म्हणाली, मीखेलला लागूनच, आणि नीट खणतील. "पण माफ केलं असं समजू नका. सासू माझी होती, तहान तिची होती. ती माफी माझ्या हातात नाही."

रेगिनाला ते पटलं. फुकटची माफी तिनं तरी कुणाला दिली होती?

खाऊन झाल्यावर सावेता उठली. भिंतीपर्यंत मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांवरून तिनं नजर फिरवली.

"मेल्यानंतरची सोय झाली, बाई. मरेपर्यंतची काय?"

रेगिना ताटल्या उचलू लागली. पाठ वळवून ती म्हणाली, "माझ्याकडे कोण मरायला येतंय रोज."

"मी समोरच तर राहते."

"मग बस की. उठलीस कशाला?"

सावेता परत बसली.  भांडण होतं ते संपलं, आणि दोघींमध्ये भांडणाशिवाय दुसरं काही कधी झालंच नव्हतं. बाहेर दिवस कलला. रेगिनानं आलुबुखाऱ्याची दारू दोन पेल्यांत ओतली, आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या.