चार दिवसांची कात्रणे

"दोन मतं!" मादाम इन्साफ म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली मुलुखियाच्या भाजीची काडी निवडायची तशीच राहिली. "अवघी दोन मतं, उस्ताद झकी!"

टीव्हीवर दुसऱ्याच देशाच्या उमेदवाराला लोक मिठ्या मारत होते. आमचे डॉ. शुक्री बदरान मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. जागतिक नदी संघटनेचं अध्यक्षपद कैरोला येणार म्हणून नऊ महिने आमच्या मंत्रालयात लगीनघाई चालली होती. आता टीव्हीपाशी जमलेल्या आठ माणसांपैकी कोणी कोणाकडे बघेना. शेवटी मीच उठून टीव्ही बंद केला.

मादाम इन्साफ आमच्या कात्रण विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे त्या आणि मी, झकी. रोज सकाळी अकरा वर्तमानपत्रं, एक कात्री, डिंकाची बाटली. त्या कापतात, चिकटवतात. मी तारखेचा शिक्का मारतो आणि उरलेल्या वेळात त्यांची थट्टा करतो. दुपारी काम संपलं की त्या टेबलावरच घरची भाजी निवडतात. चौतीस वर्षांत त्यांनी एक दिवस गाळलेला नाही. नवरा गेला त्या आठवड्याची कात्रणंसुद्धा त्यांनी मागाहून बसून चिकटवली. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, आणि डॉक्टरांच्या निवडणुकीची कात्रणवही हे त्यांचं शेवटचं मोठं काम होतं. हिरव्या चामड्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरांत 'नाईलचा सुपुत्र'. डॉक्टर जिंकून आले की मंत्री स्वतःच्या हातानं ती देणार होते.

मतदानानंतर तासाभरात सरकारी प्रवक्ते टीव्हीवर आले. डॉक्टरांनी वैयक्तिक नात्याने अर्ज भरला होता, असं म्हणाले. त्या अर्जावर आमच्याच मंत्र्यांची सही होती आणि शिक्का माझ्याच हातचा होता.

पुढचे चार दिवस वर्तमानपत्रांनी नुसता धुमाकूळ घातला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते मी रोज सकाळी अकरा प्रतींत वाचत होतो. ज्यानं 'नाईलचा सुपुत्र' हा मथळा हातभर छापला होता, त्यानंच आता लिहिलं की डॉक्टर बोलताना पुटपुटतात. दुसऱ्याला परकीयांचा कट दिसला. तिसऱ्यानं तर एक अख्खा स्तंभ त्यांच्या टायवर खर्च केला. मादाम ते सगळं नेमानं कापत होत्या, पण वहीत चिकटवत नव्हत्या.

गुरुवारी आमचे संचालक रऊफ बे आत डोकावले. "ती हिरवी वही गोदामात टाका. सरकारी मालमत्ता आहे."

"साहेब, सोनेरी अक्षरं आहेत," मादाम म्हणाल्या.

"मग गोदाम उजळेल!" म्हणत ते गेले.

सुटीच्या वेळी बघतो तर मादाम वही टेबलक्लॉथमध्ये गुंडाळत होत्या.

"मादाम, पेन्शनला सहा आठवडे राहिलेत. चोरीचा आळ आला तर?"

"म्हणून तर डॉक्टरांकडे तुम्हाला नेतेय. सांगेन, हाच तो माणूस, यानंच उचलली."

"आणि मी नाही आलो तर?"

"याल. जड आहे ती, माझ्यानं पेलायची नाही."

माझ्याही मनात डॉक्टरांकडे जायचंच होतं. मादामच्या नवऱ्याच्या दुखवट्याला तिन्ही संध्याकाळी मोठमोठे साहेब आले, कडू कॉफीचा घोट घेतला आणि घड्याळ बघत गेले. डॉक्टर तेव्हा दुसऱ्या मजल्यावर साधे इंजिनिअर होते. ते तिन्ही दिवस शेवटच्या खुर्चीवर, शेवटचा माणूस उठेपर्यंत बसून राहिले होते.

मनियल भागात डॉक्टरांच्या गल्लीत शिरलो आणि थबकलो. घरासमोर सोनेरी पाठीच्या, लाल गाद्यांच्या चाळीस खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. अभिनंदनाला लोक येतील म्हणून डॉक्टरांच्या पत्नीनं, करीमान हानमनं, आठवड्यासाठी भाड्यानं आणल्या होत्या. शेजारी मान खाली घालून बाजूनं निघून जात होते. त्यांना तरी काय दोष द्यायचा? आमच्याकडे लग्नाच्या घरी काय बोलावं ते ठरलेलं आहे, मयतीच्या घरी काय बोलावं तेही ठरलेलं आहे. हरलेल्याच्या दारात काय बोलावं ते कोणी शिकवलेलंच नाही.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. घरचा झब्बा, पायात चपला. मादाम काळ्या पोशाखात होत्या, समोर दुखवट्याला असतात तशा खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि जिभेच्या सवयीनं बोलून गेल्या, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, डॉक्टर."

हे वाक्य कैरोत फक्त माणूस मेल्यावर म्हणतात. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मादामनी तोंडावर हात दाबला. डॉक्टर क्षणभर बघत राहिले आणि मग असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

करीमान हानम दाराशी आल्या. "अगबाई! चार दिवसांनी हसले हो."

"चार दिवसांत आलंच कोण?" डॉक्टर म्हणाले. "मादाम निदान मयतीला तरी आल्या! बसा, बसा. कडू कॉफी घेणार की सरबत?"

"सरबत," मादाम ठामपणे म्हणाल्या.

आनंदासाठी करून ठेवलेलं लाल सरबत आम्ही त्या रिकाम्या खुर्च्यांत बसून प्यालो. मग मी वही डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. ते सावकाश पानं उलटत मतदानाच्या सकाळपर्यंत आले. पुढे कोरी पानं.

"पुढचे चार दिवस?"

"कात्री हरवली होती," मादाम म्हणाल्या.

"चौतीस वर्षांत कधी हरवली नाही ती?"

"हरवते एखादवेळी."

डॉक्टरांनी कोरं पान बोटानं सपाट केलं. "मादाम, मी नोकरीला लागलो तेव्हा रोज सकाळी नदीच्या पायऱ्या उतरून पाणी किती चढलं ते लिहायचो. पुराच्या दिवसाची नोंद गाळली, तर बाकीच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील?"

मादामनी काळी पिशवी उघडली. आतून जाडजूड पाकीट निघालं, डिंकाची बाटली निघाली, आणि ती कात्रीही निघाली. "तुम्ही विचाराल हे ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "मला नव्हतं हो चिकटवायचं. माझ्या हातानं नव्हतं चिकटवायचं."

"मग माझ्या हातानं चिकटवू."

डॉक्टर डिंक लावत होते, मादाम कडा दाबत होत्या. टायचा स्तंभ डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला.

"टाय मी घेतला होता," आतून करीमान हानमचा आवाज आला. "आणि चांगला होता!"

शेवटी प्रवक्त्यांचं निवेदन उरलं. 'वैयक्तिक नात्याने.' ते डॉक्टरांनी दोनदा वाचलं. बाकीच्या सगळ्या शिव्यांनी झालं नव्हतं, ते या दोन शब्दांनी झालं. त्यांनी डिंकाची बाटली बाजूला सारली. मादामनी त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून ते कात्रण पानावर बसवलं.

"वैयक्तिक," डॉक्टर म्हणाले. "मग ही वहीही वैयक्तिक झाली. गोदामाचा हिच्यावर हक्क नाही. आणा, पोच लिहून देतो."

मी खिशातून तारखेचा शिक्का काढला, बगलेतून ऑफिसची पोचवही. मादामनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही चोरच निघालात की," त्या म्हणाल्या. मी चार पानांवर चार तारखा मारल्या आणि पोचवही पुढे केली.

इतक्यात खुर्चीवाला गाडी घेऊन आला. "सगळ्या नेऊ, बाशा?"

"तीन राहू दे," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

पोचवहीत पदाचा एक रकाना असतो. नऊ महिने त्यांच्या नावापुढे तिथे मी 'अध्यक्षपदाचे उमेदवार' असं वळणदार अक्षरात लिहीत आलो होतो. डॉक्टरांनी वही परत दिली. शाई ओली होती म्हणून मी फुंकर घातली आणि वाचलं.

शुक्री बदरान. नदीचं पाणी लिहिणारा.