खिळेकाकांचा बाद टेक

बायको गेल्याची बातमी खिळेकाकांना कॅमेऱ्यासमोर कळली, आणि ती ऐकून त्यांनी जे केलं त्याला चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

असं कसं होईल, काहीतरीच काय, असं कोणीही म्हणेल. पण झालं खरं. त्यांचं त्यांनाच अजून खरं वाटत नाही, तिथे दुसऱ्याचं काय!

बेचाळीस वर्षं काका पडद्यावर होते आणि पोस्टरवर एकदाही नव्हते. आधी हवालदार झाले, मग नायकाचे थोरले भाऊ, मग नायिकेचे वडील. केस पिकले तसे न्यायाधीश झाले. गेली नऊ वर्षं ते रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत घरातले कर्ते काका होते. रस्त्यात लोक थांबवायचे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," म्हणायचे, बराच वेळ डोकं खाजवायचे आणि शेवटी विचारायचे, "बँकेत होतात का?" काका म्हणायचे, "होतो ना. दरोडा पडला त्या दिवशी."

खिळेकाका हे नाव कॅमेरावाल्यांनी ठेवलेलं. सेटवर नटाने कुठे उभं राहायचं याची फरशीवर चिकटपट्टीने खूण करतात. उजेड त्या जागेपुरता, फोकस त्या जागेपुरता. नट वीतभर सरकला की चेहऱ्याचं भूत होतं आणि शॉट बाद. भले भले हिरो खाली बघून खूण शोधत यायचे. काका मात्र रडत या, ओरडत या, पाठमोरे या, पाय बरोब्बर पट्टीवर. खिळा मारल्यासारखे. या एका गोष्टीचा त्यांना केवढा गर्व! घरी आले की बायकोला सांगायचे, "आज पण एकदासुद्धा खूण सोडली नाही." ती म्हणायची, "घरात मात्र एक वस्तू जागेवर ठेवत नाही तुम्ही."

खरंच ठेवत नसत. घराची किल्ली खिशात असूनही बाहेर उभं राहून "अगं, दार उघड," अशी हाक मारायचे. "किल्ली काय शोभेला दिलीय तुम्हाला?" असं म्हणत ती हात पुसत यायची आणि उघडायची. बेचाळीस वर्षांत दोघांनीही त्यात बदल केला नाही.

पाठांतरही तिच्यासमोर. मटार सोलता सोलता ती बाकीच्या सगळ्या भूमिका करायची. वकील, सून, खुनी, सगळे एकाच सुरात. त्या मंगळवारी सकाळी फोनचा प्रसंग होता. सून फोन करते, मुलाला अपघात झालाय म्हणून सांगते, आणि कर्ते काका म्हणतात, "घाबरू नकोस. मी आहे ना. मी निघालोच."

"एवढी मोठी बातमी ऐकून माणूस इतकं नीट बोलतो होय?" तिने विचारलं.

"लिहिणाऱ्याने लिहिलंय."

"मग लिहिणाऱ्याला असा फोन आला नसेल कधी," ती म्हणाली. डबा हातात दिला आणि डावा खांदा चोळत आत गेली. खांदा सकाळपासून भरून आलाय म्हणत होती. काकांनी ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी दुखतच असतं.

सेटवर प्रसंगासाठी ठेवलेला खोटा फोन सुरूच होईना. शॉटमध्ये तर पडदा उजळलेला दिसायला हवा होता. डायरेक्टर म्हणाला, "काकांचाच फोन घ्या. मी इशारा केला की असिस्टंट बाई रिंग देतील." एरवी सेटवर सगळ्यांचे फोन बंद असतात. त्या दिवशी एकट्या काकांचा चालू होता.

इशारा झाला, फोन वाजला. काकांनी तो कानाला लावला. पलीकडे कोणी बोलणार नाही, हे ते धरूनच चालले होते.

"बाबा," पलीकडून लेक म्हणाली. "बाबा, आई गेली. स्वयंपाकघरात पडली. डॉक्टर येऊन गेले. बाबा, आई गेली हो."

आणि काका म्हणाले, "घाबरू नकोस. मी आहे ना. मी निघालोच."

यानंतरचं काकांना तुटक आठवतं. "कट! वा, काका, वा!" आठवतं. टाळ्या आठवतात. "एकदा अजून घेऊ, जवळून," हेही आठवतं. मग पायाखाली ती पट्टी, डोळ्यांवर उजेड, कानाला पुन्हा फोन. त्यात लेक अजून "बाबा? बाबा?" करत होती. आणि त्यांनी पुन्हा, त्याच सुरात, तेच म्हटलं, "घाबरू नकोस. मी आहे ना. मी निघालोच."

पलीकडून फोन बंद झाला.

असिस्टंट बाई गोंधळून जवळ आल्या. "काका, माझा फोन लागतच नव्हता तुम्हाला. एंगेज येत होता. मग वाजला कसा?"

"बायको गेली माझी," काका म्हणाले.

कोणीतरी तेव्हाही हसत होतं. चाळीस माणसांना हे नाटक नाही हे कळायला जो वेळ लागला, तेवढ्यात काका स्वतःच चालत बाहेर गाडीपाशी गेले.

घरी लेकीने दार उघडलं आणि बाजूला झाली. माणसं आली, गेली. सगळं आटोपल्यावर, मागच्याच गल्लीतल्या आपल्या घरी परत जायला निघताना ती बोलली. "पहिल्यांदा तुम्ही बोललात ना, तेव्हा मला इतका धीर आला, बाबा. वाटलं, आता बाबा आले की सगळं सांभाळतील. मग टाळ्या ऐकल्या. आणि मग तेच पुन्हा ऐकलं. जसंच्या तसं. मी आई गेली म्हणून सांगत होते आणि तुम्ही टेक देत होतात."

खोटं काय होतं त्यात? जित्याची खोड म्हणतात ती हीच का? आपल्या आत कुणी उरलंच नाही की काय, असं काकांना वाटलं. बायको मेल्याचं ऐकून हा माणूस डायलॉग म्हणतो! असा माणूस न्यायाधीश झालेल्या काकांसमोर उभा केला असता तर त्यांनी त्याला सोडलं नसतं.

तीन आठवडे लेक फिरकली नाही. फोन उचलायची, "जेवलात का?" विचारायची आणि ठेवून द्यायची. जावई मध्ये पडला तर त्यालाही गप्प बसवलं. निर्मात्याने तो प्रसंग पुन्हा करू म्हटलं होतं, पण पुन्हा करायचा म्हणजे तेच शब्द पुन्हा म्हणायचे. काका नको म्हणाले. होता तोच मालिकेत लागला.

तो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी किराणावाल्या बाईने गल्ल्यावरून हाक मारली. "काका, काय काम केलंत काल! अंगावर काटा आला बघा. खरं वाटलं अगदी!"

कोणी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसे काका उभे राहिले. पिशवी तिथेच राहिली. तसेच चालत ते स्टुडिओच्या मागच्या अंगाला, एडिटरच्या खोलीत गेले. जे साऱ्या जगाने पाहिलं, ते एकदा आपणही बघावं. निदान कळेल तरी की आपण कोण आहोत.

एडिटर मध्यम वयाचा, चष्म्याला दोरी लावलेला, अबोल माणूस. काकांना बघून खुर्चीतून उठलाच. "कुठला टेक बघायचाय, काका? लागला तो दुसरा होता."

"पहिला का नाही?"

"पहिला बाद. फोकस गेला." तो चाचरला. "तुम्ही खूण सोडलीत."

"मी?"

"तुम्ही. मलाही खरं वाटेना. दोनदा बघितला. प्रसंग लागून गेला की त्या शुक्रवारी त्याचे बाद टेक पुसतात सगळे. हा मी अजून पुसलेला नाही."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. "थांब," ते म्हणाले. "आत्ता लावू नकोस. मी एकटा बघणार नाही."

लेकीला फोनवर ते एवढंच म्हणाले, "मला स्वतःला माहीत नाही त्यात काय आहे. वाईट असेल तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस. पण ये."

गुरुवारी दुपारी ती आली. पर्स मांडीवर घट्ट धरून, बापापासून एक खुर्ची सोडून बसली. एडिटरने टेक लावला.

पडद्यावर दिवाणखाना. फोन वाजतो. काका फोन कानाला लावतात, ऐकतात. चेहऱ्यावर काही नाही. धक्का नाही, दुःख नाही, पाटी कोरी. तोंड शब्द म्हणतं. लेकीने मान फिरवली.

"बघा, आता," एडिटर म्हणाला.

पडद्यावरच्या काकांनी फोन खाली केला आणि खूण सोडली. ते उजेडातून बाहेर पडले, धूसर झाले आणि मागच्या दारापाशी गेले. ते दार खोटं होतं. प्लायवूडवर चौकट ठोकलेली, वर खरी कडी, आणि मागे दुसऱ्या सेटची भिंत. सेटवरची अशी दारं उघडत नाहीत, हे पहिल्या दिवशी आलेल्या नटालाही माहीत असतं. बेचाळीस वर्षं त्यातच काढलेला हा माणूस त्याची कडी ओढत होता. एकदा, दोनदा. मग त्याने खांदा लावला. सगळी भिंत हलली. "कट! वा, काका, वा!" असं कोणीतरी ओरडलं, टाळ्या वाजल्या, पण कॅमेरा कोणी बंद केला नव्हता, आणि तो धूसर माणूस कडी ओढतच राहिला.

काका बघत होते आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. समोरचा म्हातारा कोण, हे जणू आत्ता कोणीतरी त्यांना दाखवत होतं.

"तोंड हलतंय," लेक एकदम म्हणाली. "बाबा काहीतरी बोलतायत."

"टाळ्यांत ऐकू येत नाही. थांबा, कॉलरच्या माइकचा आवाज वेगळा असतो." एडिटरने बाकीचे आवाज बंद केले आणि टेक मागे नेऊन पुन्हा लावला.

आता टाळ्या नव्हत्या. फक्त कापडाची सळसळ, कडीची खडखड, आणि काकांचा घाबराघुबरा आवाज.

"अगं, दार उघड. अगं, दार उघड ना. अगं, ऐकतेस का, दार उघड."

मग असिस्टंट बाई मागून आल्या, त्यांनी कोपराला धरून त्याला वळवलं, उजेडात आणलं, पट्टीवर उभं केलं, आणि फोन धरलेला त्याचा हात उचलून कानाशी नेला. तो उभा राहिला. उभं केलं की उभं राहायचं, एवढंच त्याला येत होतं. पडदा काळा झाला.

एडिटर चष्मा पुसत बसला. लेकीची पर्स खाली पडली होती, ती तिने उचलली नाही. रिकाम्या खुर्चीवर सरकून तिने बाबांचं तेच कोपर घट्ट धरलं.

"दुसरा दाखवू?" एडिटरने हळूच विचारलं.

"तो नको," काका म्हणाले. "ते काम आहे."

"हाच लावा," लेक म्हणाली. रडण्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "एकदा अजून."