तोंड मुरगूडकडं

रुद्राप्पा माझ्या दारात उभे राहिले तेव्हा विद्याश्रीला जाऊन दोन महिने झाले होते. हातात बेलाची पानं आणि विभूतीची पुडी. "पावणं, लेकीकडं न्या मला," म्हणाले. आमच्याकडे जावयालाही पावणं म्हणतात आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्यालाही. पाच वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते, त्यामुळे मी त्यांतला कोणता हे समजायला मार्ग नव्हता.

मी बौद्ध, ती मुरगूडच्या लिंगायत दुकानदाराची लेक. आम्ही लग्न केलं त्या दिवशी या माणसानं तिच्या नावानं अंघोळ केली. ती खरंच गेली तेव्हा निरोप धाडला, तरी आले नाहीत. आता बेल घेऊन आले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कुठं बसवलंय तिला?" स्कूटरवर मागून त्यांनी विचारलं.

त्यांच्यात जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून मातीत बसवतात, मग घरची माणसं तिथं जाऊन बेल वाहतात. आम्ही तिला जाळलं होतं आणि अस्थी पंचगंगेत सोडल्या होत्या. हे म्हाताऱ्याच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. सांगून टाकावं, चांगलं झोंबेल, असं मनात आलं आणि मी गाडी पोहाळ्याच्या लेण्यांकडे वळवली. दर चैत्रात ती मला तिथं ओढून न्यायची. जोतिबाच्या रस्त्याला गुलालानं माखलेली गर्दी असायची, पण लेण्यांकडे चिटपाखरू नसायचं. तिला तेच आवडायचं. सांगायचंच तर तिथं सांगू, म्हटलं.

आंब्यांना कैऱ्या लागल्या होत्या. रुद्राप्पा धापा टाकत चढले आणि वहाणा काढून आत आले. आतला दगडी स्तूप बघून थबकले.

"हितंच बसवलंय व्हय?"

जाळलं तिला, राख झाली तिची. शब्द अगदी ओठांवर होते. पण पुडी सोडताना निम्मी विभूती खालीच सांडली. मग गुडघे टेकून ते बोटानं ती गोळा करायला लागले.

"व्हय, मामा," मी म्हणालो.

"कुणीकडं तोंड करून?"

आता काय सांगायचं? "मुरगूडकडं."

 ते दगडाला धरून उठले आणि मुरगूडच्या बाजूला, दक्षिणेच्या अंगाला जाऊन स्तूपासमोर मांडी घातली.

"शरणु, अव्वा," लेकीला लाडानं आई म्हणत त्यांनी हात जोडले. "ह्यो बघ, आलोय की मी. फुडंच बसलोय." आणि मोठ्यांदा रडायला लागले. त्या पोकळीत आवाज नुसता घुमत होता.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो हेवा. त्यांना लेक सापडली होती. मी माझ्या हातानं तिला पाण्यात सोडून आलो होतो, आणि दोन महिने माझं रडू नदीवर, घरात, रस्त्यात कुठंच टेकत नव्हतं. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. खोटं मीच सांगितलं होतं, तरी त्या दगडाकडे बघून मला बोलावंसं वाटलं. "विद्या," मी म्हणालो.