सातवी अट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. टाचणीच्या बाबांनी हा सल्ला अक्षरशः पाळला. एकतीस वर्षं ते कोर्टाच्या पायरीशेजारीच बसले, चढले म्हणून नाहीत. एक टेबल, त्यावर टाइपरायटर, समोर अशिलासाठी डुगडुगती खुर्ची आणि डाव्या हाताला एक उंच स्टूल. ते स्टूल टाचणीचं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक, बोलायला टोकदार आणि सदा कागदांना चिकटलेली, म्हणून कुठल्याशा कारकुनाने ते ठेवलं आणि तेच राहिलं. ती आठ वर्षांची असताना आई गेली. पोरीला घरी एकटं ठेवायचं तरी कसं, म्हणून बाबा तिला शाळेतून थेट टेबलापाशी आणत. आता नुसतं बसवून ठेवलं तर मूल वात आणणार, हे काय सांगायला हवं? मग त्यांनी तिला रुजवातीला बसवलं.

रुजवात म्हणजे नक्कल अस्सलाशी ताडून पाहणं. एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवायचं. सगळं वाचायचं, बरं का! स्वल्पविराम आला की ‘स्वल्प’, पूर्णविराम आला की ‘पूर्ण’, कंस उघडला की ‘कंस सुरू’. आणि जरा कुठे फरक दिसला की बोटवाल्याने म्हणायचं, ‘थांबा.’ समोरचा कितीही मोठा असो, थांबा म्हटलं की थांबायचं. एकदा खुद्द तारीखवाले वकील वाचत होते. (पुढची तारीख मागण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हे नाव.) नऊ वर्षांच्या टाचणीने त्यांना ‘थांबा’ म्हणून गप्प केलं. ‘अमान्य’मधला ‘अ’ टाइप करताना बाबांकडून सुटला होता. एवढ्याशा अक्षराने सगळा अर्जच उलटा झाला असता. वकिलांनी खिशातून पेन काढून तिला बक्षीस दिलं आणि बाबा दोन दिवस छाती काढून चालले. चूक त्यांचीच होती, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं.

घरीसुद्धा तीच भाषा. “जेवायला चला स्वल्प गार होतंय पूर्ण,” असं ती ओरडायची. बाबा म्हणायचे, “आलो कंस सुरू हात धुऊन कंस बंद.” शेजारच्यांना वाटायचं, बापलेक कामातून गेले. किती हसायचे दोघं! कार्बन कागदाने काळी झालेली बोटं, रिबिनीचा तो तेलकट वास, दुपारी एका कपातला अर्धा अर्धा चहा. पुढे मोठमोठ्या ऑफिसांत बसली टाचणी, पण तसा चहा तिला परत कुठे मिळाला नाही.

तर अशी ही मुलगी वकील होणार, हे ठरवायला कुणाला ज्योतिषी लागला नाही. पदवी झाली, तिने दोन कॉलेजांत अर्ज टाकले, आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडून पत्रं आली. घोडं अडलं ते इथेच.

एक कॉलेज गावातलंच, कोर्टापासून पंधरा मिनिटांवर. फी सगळी भरायची, पण गावातला एकूण एक वकील तिथून निघालेला. दुसरं लांब, दुसऱ्या प्रदेशात, रेल्वेने दीड दिवस. नाव मोठं, आणि वर पूर्ण शिष्यवृत्ती, राहण्याजेवण्यासकट. मात्र तिकडचे कायदे निराळे. तिथे शिकून इथे वकिली करायची तर इथली वेगळी परीक्षा द्यायला हवी.

तारीखवाले वकील तर चिडलेच. “काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं पोरी, वकिली काय कॉलेजात शिकवतात? ती ओळखीवर चालते. इथे शिकलीस तर शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात तुझी खुर्ची तयार. तिकडून मोठं नाव घेऊन आलीस, तर इथे तुला कोण विचारतो?”

त्यांचं काही खोटं नव्हतं. पण इथली फी म्हणजे बाबांचे रविवार गेले, संध्याकाळी गेल्या. “होईल गं, टाइपरायटर आहे तोवर काय चिंता,” बाबा म्हणायचे, आणि बोलता बोलता उजवं मनगट चोळायचे. ते चोळणं टाचणीला दिसत होतं. शेवटी तिनेच तोडगा काढला. “बाबा, तीन वर्षं तिकडे शिकते, फुकटात. मग परत येते, इथली परीक्षा देते, आणि वकिलांच्या ऑफिसात बसते. तीन वर्षं काय, चुटकीसरशी जातील.”

“परत येशील ना पण?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे काय! तुमच्या नकला कोण तपासणार?”

हाच दोघांचा करार झाला. तोंडी करार. तोंडी कराराला किंमत नसते, असं सांगत ज्याने जन्म काढला त्याच्याच घरात.

आता यातली गंमत ऐका. शिष्यवृत्तीचं पत्र चार पानी होतं. पहिल्या पानावर अभिनंदन. ते वाचून टाचणी खोलीभर नाचली आणि उरलेली तीन पानं तिने पाहिलीच नाहीत. वकील व्हायला निघालेली मुलगी, आणि अटी न वाचता नाचते! पत्र बाबांनी उचललं. महत्त्वाच्या कागदाची नक्कल केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. दुसऱ्या दिवशी ते टेबलावर घेऊन गेले, आणि संध्याकाळी आले ते गप्प गप्प.

रविवारी सकाळी खिडकीपाशी दोघं रुजवातीला बसली. अस्सल बाबांकडे, नक्कल टाचणीकडे. बाबा नेहमीच्या चालीत वाचत होते. पहिली अट, दुसरी अट, हजेरी, गुण, वसतिगृहाचे नियम. सहावी अट संपली. “पूर्ण,” बाबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला, आणि वाचलं, “आठ. विद्यार्थ्याने आपल्या पत्त्यातील बदल...”

टाचणीचं बोट सातव्या अटीवर होतं. नकलेत ती अट होती, स्वच्छ टाइप केलेली. बाबांच्या हातून कागदाशी बेइमानी झाली नसती, जे दिसलं ते बोटांनी उतरवलं होतं. फक्त तोंडाने गाळली होती. ‘सात. शिष्यवृत्तीधारकाने पदवीनंतर किमान सहा वर्षे याच प्रदेशात वकिली अथवा नोकरी करणे बंधनकारक राहील.’

तीन आणि सहा, नऊ वर्षं. नऊ वर्षं तिकडे काढून इथे कोण परत येतो? मुळं तिकडेच धरणार. बाबांना हे कळलं होतं, आणि तरी तिने जावं म्हणून त्यांनी ती ओळ गिळली होती. एकच शब्द म्हणायचा होता तिला, जो ती आठव्या वर्षापासून म्हणत आली होती. तो म्हटला असता तर पत्र फाडावं लागलं असतं, आणि ती इथेच राहिली असती.

आणि खरं सांगायचं तर तिला जायचं होतं. बाबांच्या मनगटासाठी नव्हे, फीसाठी नव्हे. दीड दिवसाच्या रेल्वेपलीकडे काय आहे ते तिला बघायचं होतं. बोट सातवरून आठवर सरकलं. टाचणी मूग गिळून बसली.

शेवटची ओळ झाली. “बरोबर?” बाबांनी विचारलं.

“बरोबर,” ती म्हणाली. नकलेवर तिने सही केली. आयुष्यातली तिची ही पहिली खोटी सही.

पुढे व्हायचं तेच झालं. तीन वर्षं झाली, मग अटीची सहा झाली, मग तिथेच एका मोठ्या ऑफिसात भागीदारी, लग्न, घर. अट कळवायचं पत्र तिने दुसऱ्या वर्षी लिहिलं होतं, ‘आत्ताच लक्षात आलं’ असं म्हणून. बाबांचं उत्तर आलं, ‘असू दे. नियम म्हणजे नियम.’ वर्षातून दोनदा ती यायची. प्रत्येक वेळी टेबल थोडं रिकामं दिसायचं. कॉम्प्युटर आले, नकला यंत्रातून निघायला लागल्या, तारीखवाले वकील शेवटच्या तारखेला गेले. स्टूल कुणीतरी मागून नेलं. बाबांच्या टेबलापाशी दुसरं कुणी कधी रुजवातीला बसलं नाही, हे तिला फार उशिरा कळलं, तेही परक्याकडून.

तेवीस वर्षांनी, अशाच एका सुट्टीत, शेजारची मुलगी दोन कॉलेजांची पत्रं घेऊन आली. “ताई, तुम्ही एवढ्या मोठ्या वकील. सांगा ना, शिष्यवृत्ती बघू की नोकरी कुठे लागेल ते बघू?” टाचणीने तासभर तिच्यासाठी डोकं खपवलं. तिथली किती मुलं कुठे लागली ते विचार, परीक्षा कुठली द्यावी लागेल ते बघ, आणि आधी अटी वाच, सगळ्या वाच. मुलगी खूश होऊन गेली. बाबा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. वय झालं होतं, मान जरा हलायची, पण कान शाबूत होते.

टाचणीला राहवेना. “बाबा, एक सांगायचं राहिलंय. तुम्ही सातवी अट वाचली नव्हती. मला तेव्हाच दिसली होती.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले.

“ठाऊक आहे?”

“तुझं बोट थांबलं होतं ना तिथे. आठव्या वर्षापासून बघतोय मी ते बोट.”

तेवीस वर्षं ती समजत होती की आपण बापाला फसवलं. “मग बोलला का नाहीत? मी ‘थांबा’ म्हटलं असतं तर?”

बाबा हसले. “तर काय, तुला रागावून गाडीत बसवलं असतं. पाठवणार तर होतोच. तुझी अक्कल त्या पायरीवर कुजवायची होती का मला?” मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. “तेव्हाही मुद्दाम पुसत बसलो होतो. म्हटलं, बघू या तरी, म्हणतेय का.”

“बाबा...”

“जायचं तर होतंच तुला. पण ऐकायला बरं वाटलं असतं गं.”