पुढची फळी

सांगून जायची रीत सुलोला कधी नव्हतीच, पण आज त्याने कहर केला. सायमीची पाठ वळली, ती कॉफी ओतायला लागली, तेवढ्यात गडी मागच्या दाराने पसार. पायात नुसते मोजे, बूट हातात. नातवंडांचा आजा झालेला माणूस, आणि स्वतःच्याच घरातून चोरासारखा!

“चोर निदान काहीतरी घेऊन जातो,” सायमी म्हणाली. “हा कॉफीसुद्धा न पिता गेला.”

थोरली मुलगी राइली वेलचीचा पाव कापत होती. “आई, त्यांना ठाऊक होतं, तू कोट चढवून मागे लागशील.”

“लागणारच! आज मासेमारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. उद्या होडी काठावर ओढली की बर्फ वितळेपर्यंत बसा भिंतीकडे बघत.”

“डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?”

“डॉक्टरला होडीत नेतंय कोण?”

वसंतात पायरीवरून पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून होडीला तिचा पाय लागला नव्हता. लग्न झाल्यापासून होडीतली बसायची पुढची फळी तिची. सुलो मागे इंजिनापाशी, ती पुढे, वाऱ्याकडे पाठ आणि त्याच्याकडे तोंड करून. माशांना भुलवायला गळाला लावलेले पितळी चमचे पाण्यात सोडायचे, होडी हळूहळू चालवायची आणि गळाच्या काठीचं टोक कधी वाकतंय ते बघत राहायचं. घरात सुलो मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवी. तिथे मात्र इंजिनाच्या वर आवाज काढून बोले. मुलांची नावं तिथेच ठरली, भांडणंही तिथेच मिटली. उन्हाळाभर तो एकटा गेला, आणि घरात उन्हाळाभर कुणी बोललं नाही.

तिने खिडकीपाशी जाऊन दुर्बीण डोळ्याला लावली. ईशान्येचा वारा सुटला होता, सगळं सरोवर लाटांच्या फेसाने पांढरं झालं होतं. थंडी पडली की ट्राउट मासे खोलातून वर खडकांवर येतात. त्या खडकांच्या कडेने होडी वारा पाठीवर घेऊन चालली होती.

“चाललाय नीट,” ती नाइलाजाने म्हणाली.

आणि सुलो उठून उभा राहिला. काठी कमानीसारखी वाकली होती. त्याने इंजिनाचा दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी काठी धरली. वाऱ्याला तेवढंच हवं होतं. होडीचं तोंड वळलं, होडी लाटांना आडवी झाली.

“सोड रे,” सायमी काचेला म्हणाली. “मासा सोड. होडी धर, मेल्या, होडी!”

राइलीच्या हातातली सुरी थांबली. एक लाट आली, होडी दिसेना. दुसरी आली. मग लाटेमागून आधी सुलोची टोपी वर आली, मग त्याचे खांदे. होडीचं तोंड हळूहळू काठाकडे वळलं.

सायमीने कोट घातला, चालायची काठी घेतली. राइलीने दंड धरला, तो तिने झटकला. राइली मागोमाग निघाली.

धक्क्यावर सुलोने दोर फेकला. माशांची पेटी रिकामी होती.

“मोठा होता,” तो खाली बघत म्हणाला. “जवळ आला होता. पण त्याला वर घ्यायला जाळी कोण धरणार? गळाची दोरी कापली.”

शिव्या तिच्या ओठांवर तयार होत्या. तेवढ्यात तिची नजर होडीत पुढे गेली. तिथे काठावरचे गोटे भरलेलं बटाट्याचं पोतं दोराने आवळून बांधलेलं होतं.

“हे काय?”

“एकटा मागे बसलो की होडीचं तोंड वर उठतं. वारा भिरकावून देतो. पुढे वजन लागतं.”

“म्हणजे माझ्या जागी दगड!”

“जागेवर नाही,” सुलो पुटपुटला. “खाली ठेवलंय. फळी मोकळीच आहे.”

खरंच होती. फळीवर मेणकापड ताणून बांधलं होतं, त्याखाली तिची घोंगडी घडी करून ठेवलेली. सुलो टोपीपासून बुटांपर्यंत भिजून निथळत होता. घोंगडी कोरडी होती.

राइली उगाच डोंगराकडे बघू लागली.

सायमीने वाकून काठीने पोतं दाबलं. गोटे करकरले. तिने पुन्हा दाबलं, बराच वेळ, बाजारात माल पारखावा तसं.

“दगड कमी घातलेस, सुलो,” ती म्हणाली. “मी याहून जड आहे.”