हळू आवाजातलं घर

मास्तरांनी डावा हात छताच्या दिशेने वर नेला, तशी दवाखान्यातल्या पडद्यावर शहाण्यासारखी चाललेली रेघ एकदम पिंजारली. हात खाली आला, रेघ पुन्हा शहाणी झाली.

"अजून एकदा," त्यांच्या छातीतलं यंत्र तपासणारी मुलगी म्हणाली.

अजून एकदा तेच झालं.

"काका, काल झटका बसला तेव्हा काय करत होतात?"

"भांडत होतो. म्हणजे बायको भांडत होती, मी ऐकत होतो."

"आणि हात?"

हात माळ्याकडे होता. बायकोने काढलेली बॅग मास्तर परत वर ढकलत होते.

"मग भांडणाला बोल लावू नका," मुलगी हसली. "यंत्रापासून हृदयात जाणारी एक वायर खराब झालीय. हात वर गेला की ती खरखरते आणि यंत्राला वाटतं, हृदयच बिथरलं. म्हणून त्यानं झटका दिला. तुमचं हृदय त्या वेळी अगदी शांत चाललं होतं. वायर बदलली की झालं."

अगदी शांत. शर्टाची बटणं लावताना मास्तरांच्या मनात तेवढेच दोन शब्द राहिले. बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि यांचं हृदय ढिम्म हललं नव्हतं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून गिअर बदलायला शिकलेलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असे; शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर तो दाबत. पुढे त्यांचंच हृदय अशक्त झालं, फुगून मोठं झालं, त्याच्या दोन बाजू एकमेकींशी फटकून वागू लागल्या. तेव्हा डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली हे यंत्र बसवलं. दोन्ही बाजूंना एका ठेक्यात चालवायचं आणि ठेका अगदीच सुटला तर झटका द्यायचा, हे त्याचं काम. "म्हणजे माझ्याही शेजारी एक मास्तर बसवलात," असं ते तेव्हा डॉक्टरांना म्हणाले होते.

भांडण होतं बायकोच्या थोरल्या भावावरून. छापखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, डोळ्यांनी अधू होत चाललेला हा दादा चौथ्या मजल्यावर एकटा राहत होता. त्याला आपल्या मागच्या खोलीत आणावं, असं ती म्हणत होती; ती बॅगही तिने त्याचं सामान आणायलाच काढली होती. मास्तर नाही म्हणत होते. कारण विचाराल तर हसू येईल. लग्नाच्या वेळी या दादाने चारचौघांत म्हटलं होतं, "जावई काय करतात? शेजारी बसून ब्रेक दाबतात." लोक हसले आणि विसरले. मास्तरांनी मात्र ते हसू लेकरासारखं सांभाळून वाढवलं होतं.

"माणूस आहात की दगड!" ती ओरडली, आणि त्याच क्षणी छातीत कुणी लाथ घातल्यासारखे मास्तर जमिनीवर आडवे झाले.

आता ती बाहेर बाकावर बसली होती. एका रात्रीत तिचा चेहरा सुकून एवढासा झाला होता. मास्तर दिसताच ती उठली.

"काय म्हणाले?"

"झटक्यानं वायर बिघडलीय. बदलावी लागेल."

वायर बिघडली म्हणून झटका बसला होता. मास्तरांनी फक्त आधीचं नंतर केलं आणि नंतरचं आधी. ते वाक्य त्यांनी जुळवून आणलेलं नव्हतं. तोंडातून तसंच बाहेर पडलं. पण पडलं ते पडलंच.

"माझ्या जिभेला हाड नाही," ती म्हणाली. "मी पुन्हा दादाचं नाव काढणार नाही. शपथ."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मास्तर म्हणाले, "चल, ऊन वाढतंय."

वायर बदलली, टाके सुकले, मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या कचेरीत बसू लागले. घर मात्र बदललं ते बदललंच. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जाणारा बायकोचा आवाज उशीत तोंड घातल्यासारखा झाला. ती कप ठेवायची तो बशीला कळू न देता. लेकीचा फोन आला की दाराआड जाऊन बोलायची. खोटं कशाला बोला, सुरुवातीला मास्तरांना बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच शेवटचा शब्द त्यांचा ठरत होता.

मग हळूहळू तो शब्दच त्यांना खायला उठला. त्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकून पाहिला. तिने तो मुकाट्याने उचलला. भाजी खारट झाल्याची तक्रार केली, भाजी खारट नसताना.

"झाली असेल," ती म्हणाली. "दुसरी करते."

ती खरंच उठून दुसरी करायला लागली. मास्तरांनी तिला हाताला धरून बसवलं आणि ती भाजी चाटूनपुसून खाल्ली.

एका दुपारी ते कचेरीतून लवकर परतले. दार लोटलेलं होतं. ती पाठमोरी फोनवर बोलत होती.

"जिन्यावर कसा पडलास रे दादा? … मनगट म्हणजे, मोडलंय का? … नको, इथे कसा येशील. आणि ह्यांच्या कानावर घालू नकोस हं. एकदा मी माझ्या तोंडानं ह्यांचा जीव घेतलाच होता, ते थोडक्यात वाचले. … मी रडत नाहीये. सर्दी झालीय."

मास्तर आले तसे बाहेर गेले. गल्लीच्या टोकाला चांभाराच्या पेटीजवळ बराच वेळ उभे राहिले. "काय शिवायचंय?" असं चांभाराने दोनदा विचारलं, तेव्हा त्यांना पाय हलवावे लागले.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता दादाकडे गेले. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून दम खात चौथा मजला गाठला. दार उघडलं. मनगट बँडेजमध्ये, दाढी वाढलेली, आणि समोरचा माणूस ओळखायला दादाला मान पार पुढे आणावी लागत होती.

"कोण?"

"ब्रेक दाबणारा."

दादा दारातून बाजूला झाला. "आत या," तो म्हणाला.

"बसायला आलो नाही. तुम्हाला न्यायला आलोय. चार कपडे घ्या, बाकीचं मागाहून आणू."

"पण तुमच्या छातीला मानवेल का हे? मी ऐकलंय सगळं. माझ्यापायी नको हो."

"माझी छाती ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. एवढंच सांगायला ते जिना चढून आले होते, असं त्यांना वाटलं. पण पुढचं वाक्य काही आलं नाही.

टॅक्सीतून उतरणाऱ्या भावाला पाहून बायको दारातच बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. दादा मागच्या खोलीत स्थिरावायच्या आत तिने शेजारणीला सांगितलं, "डॉक्टर म्हणत होते, ह्यांचं हृदय मोठं झालंय. किती मोठं, ते मला आज कळलं!" लेकीने फोनवर बाबांचं कौतुक केलं. संध्याकाळी खुद्द दादाने चाचपडत त्यांचा हात धरला.

"लग्नात मी काहीतरी बोललो होतो. पोरकटपणा होता. मनावर घेतलं नसेलच तुम्ही."

"छे," मास्तर म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला सुळावर देतात, हे त्यांनी ऐकलं होतं. इथे तर चोराच्या गळ्यात वर हारही पडत होते.

रात्री तिघं जेवायला बसली. बहीणभावांना लहानपणच्या गोष्टी आठवू लागल्या. शाळेची काच कुणी फोडली, यावरून जुंपली.

"तूच फोडलीस! आणि नाव माझं सांगितलंस!"

"काहीतरीच! मी तर त्या दिवशी तापानं घरी होते!"

"ताप? तुला? अगं, तू बाहेर चिंचेवर चढली होतीस!"

"दादा, खोटं बोलायलाही काही सीमा असते!" तिचा आवाज भिंतीवर आदळला. तोच जुना, कोपऱ्यापर्यंत जाणारा. मास्तरांचा घास हातात थांबला. कितीतरी महिन्यांनी घरात कुणीतरी आल्यासारखं त्यांना वाटलं.

आणि तिने चटकन तोंडावर हात ठेवला. तिची नजर त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशावर गेली.

"चुकले हं," ती कुजबुजली.

"हळू बोलू या," दादाही कुजबुजला.

मास्तरांनी घास ताटात ठेवला.

"ओरड," ते म्हणाले. "तुझ्या ओरडण्यानं काही झालं नव्हतं."

"असू दे, आता तो विषय कशाला—"

"वायर आधीच खराब होती. मी हात वर केला, बॅग ढकलायला, म्हणून झटका बसला. तू एक शब्द बोलली नसतीस तरी बसला असता."

दादाने ताटावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"तुम्हाला कधी कळलं हे?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. तू बाहेर बाकावर बसली होतीस, तेव्हा."

आता आभाळ कोसळेल, म्हणून मास्तर मान खाली घालून थांबले. कोसळावं, असंच त्यांना वाटत होतं. इतक्या महिन्यांचं सगळं एका दमात बाहेर पडावं, शेजारपाजार गोळा व्हावा, दगडापेक्षा वाईट काहीतरी तिने म्हणावं.

तिने पाण्याचा सांडलेला थेंब पुसला. भावाची वाटी त्याच्या चांगल्या हाताला लागेल अशी सरकवली. मग ती मास्तरांकडे वळली.

"तुम्हाला अजून वाढू?"

आवाज तोच होता, खालचा. पण त्यातली भीती गेली होती, आणि जाताना त्या भीतीने आणखीही काही बरोबर नेलं होतं. मास्तरांनी ताट पुढे केलं. भूक मुळीच नव्हती. पण नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही.