बोटांचा वास

अंगणातल्या फरशीच्या फटीफटीतून तण माजलं होतं. घोळ, काटेरी गवत, दुधाळ रोपटी, आणि कुंपणाला लागून जंगली कांद्याचे हिरवेगार झुबके. सून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, औषध मारून टाकू का सगळ्यावर?"

"कांद्यावर? अगं, फुकट उगवतोय तो!"

सासऱ्यांना सगळे घड्याळजी म्हणत. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे चूक नेहमी दुसऱ्याचीच असते यावर त्यांचा गाढ विश्वास.

"पण तसंच दिसणारं विषारीही उगवतं म्हणे."

"त्याला वास नसतो. नाक कशाला दिलंय?"

एरवीही ते नाकानं कांदे सोलणारेच. उकिडवे बसून त्यांनी एकेक गड्डा उपटला, चुरडला, हुंगला आणि मगच टोपलीत टाकला. कोपऱ्यातल्या झुबक्याची पानं जरा रुंद होती, पण वास झकास आला. सुनेनं सगळा कांदा चिरून अंड्यांबरोबर परतला, डबा भरला आणि धुलाईच्या कारखान्यात कामाला गेली.

दुपारी घड्याळजी शेजारणीचं मनगटी घड्याळ उघडायला बसणार होते. त्याआधी हात साबणानं दोनदा धुवायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. हात पुसून वळले, तर टोपलीतून निसटलेला एक गड्डा पायाशी आला. रुंद पानांचा. त्यांनी सवयीनं तो चुरडून हुंगला.

वास नव्हता.

पुन्हा चुरडला. नुसती ओली माती. सकाळी वास या गड्ड्यांना नव्हताच, बोटांना होता. पहिला कांदा चुरडल्यावर पुढे जे हाती आलं, त्या सगळ्याला कांद्याचाच वास आला होता.

भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत दीड वाजला होता. जेवणाची सुट्टी एकला व्हायची. त्यांनी सुनेला फोन लावला. पाचदा, सातदा. आयुष्यात कुणाची माफी न मागितलेला तो माणूस रिकाम्या खोलीत "चुकलो गं पोरी" म्हणत राहिला.

आठव्यांदा तिनं उचलला.

"डबा खाल्लास?"

"कुठला हो, बाबा! आज उसंतच नाही मिळाली."

त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पण वाया नाही गेला हं," ती कौतुकानं म्हणाली. "आमच्या बायकांनी चाटूनपुसून खाल्ला. फक्त दोघी मघापासून ओकतायत. का हो, काय झालं?"